पाच किलोंची यादी

ताम्पेरे, फिनलंड
3 जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

दादाच्या मित्राचा मुलगा फेब्रुवारीत हेलसिंकीला शिकायला येतोय आणि त्याच्या बॅगेत आपल्याला पाच किलो जागा आहे, हे तू मला फोनवर चार वेळा सांगितलंस. काय पाठवू, हेही चार वेळा विचारलंस आणि चारही वेळा माझं बोलणं संपायच्या आत तुझ्या कुकरची शिट्टी झाली. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर तू वरच्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवतेस. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. अप्पांना म्हणावं, प्रिंट काढून फ्रिजवर लावा.

आधी काय नको ते. पेढे, खवा, तूप यातलं काहीही नको. बाहेरून येणाऱ्याला युरोपात दुधामांसाचे पदार्थ बॅगेतून आणता येत नाहीत. पोराला विमानतळावर उगाच उभं राहावं लागेल. डाळिंबंही नकोत, अप्पांनी कितीही हौसेने निवडून आणली तरी. प्रमाणपत्राशिवाय ती आत येत नाहीत. नारळ चालतो म्हणे, पण नारळात अर्धा किलो कोण घालवणार? ज्वारीचं पीठसुद्धा नको. मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी इथे येऊन दोन महिने पडली की पिठाची विरी जाते, मग भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे. आणि सोलापुरी चादर नको. एक आहे माझ्याकडे, आणि ती एकटीच दीड किलो खाते.

आता हवंय ते. पहिली शेंगाचटणी, एक किलो. पण उखळातली. मागच्या वेळी अप्पांनी हौसेनं मिक्सरमध्ये केली होती, ती चटणी नव्हती, लाल रंगाचा दाण्याचा कूट होता. मिक्सरच्या पात्याने दाणा चिरतो, ठेचला जात नाही, त्यामुळे हवं तसं तेल सुटत नाही. मला ती मुठीत दाबली तर गोळा राहणारी, डब्याच्या कागदाला तेलाचा डाग पाडणारी हवी. लसूण नेहमीपेक्षा जास्त घाल. इथे माझ्या तोंडाच्या वासाची कुणाला पडलेली नाही, बसमध्ये लोक दोन-दोन सीट सोडूनच बसतात.

दुसरी कडक भाकरी, बाजरीची, तीळ लावलेली. भोगीच्या दिवशी करशीलच, तेव्हाच चार जास्त थाप. स्टीलच्या डब्यात उभ्या घालून पाठव, पिशवीत घातल्या तर इथे भुगा पोचेल. आणि ऐक, इथल्या लोकांना कडक भाकरी काय असते ते सांगावं लागत नाही. यांच्याकडे राय नावाच्या धान्याच्या (आपली मोहरी नव्हे) पिठाची एक चपटी भाकरी असते, मधोमध भोक असलेली. पूर्वी या भागात वर्षातून एक-दोनदाच भट्टी लावायचे, ढीगभर भाकऱ्या भाजायचे आणि भोकातून काठी घालून छताखाली टांगून वाळवायचे. पुढे महिनोन्महिने तेच खायचं. मी ऐकलं तेव्हा मला आपल्या माळ्यावरची दुरडी आठवली. चव आंबूस असते. त्यावर हे लोक लोणी लावतात, मी लोण्यावर शेंगाचटणीही लावते. माझं चूक आहे असं मला वाटत नाही.

आता कपडे. गेल्या जूनमध्ये ऑफिसमधल्या एकीचं लग्न होतं, तेव्हा मी तुझं निळं इरकल नेसले होते, फोटो पाठवला होता बघ. रात्री अकरा वाजता लख्ख उजेड आणि मी तळ्याकाठी काष्टा नाही पण पदर खोचून बटाटे खातेय, तोच. फोटोत दिसत नाही ती गोष्ट अशी, की नवरीच्या आईने माझा पदर हातात घेतला आणि अंग सुती नि पदर रेशमी, मग जोड कुठाय म्हणून शोधत बसली. मी तिला तोप-टेणी समजावून सांगितली. म्हणजे अंगाचा ताणा नि पदराचा ताणा एकेक फास घालून मागावरच गुंतवतात, शिवण नसतेच. मला हे आजीने शिकवलं होतं आणि तेव्हा मी तिचं अर्धं लक्ष देऊन ऐकलं होतं. अर्धं तेवढं पुरलं. तर त्या इरकलावर घालायला खणाचा एक ब्लाउज हवा. चाटी गल्लीत जा, गडद हिरवा किंवा वांगी रंग घे, बारीक नक्षीचा. चमकणारा पॉलिस्टरचा खण देतात तो घेऊ नकोस, घामाला चिकटतो. घाम कुठला म्हणशील, तर या लोकांच्या घरात आत चांगलंच ऊबदार असतं. माप मागच्यापेक्षा दीड इंच वाढव. कारण विचारू नकोस, वर लोण्याचा उल्लेख आलाय.

बाहेर मात्र उणे अठरा. साडेनऊनंतर उजाडतं आणि सव्वातीनला मावळतं. हाताची कातडी अशी फुटते की पदराचं रेशीम त्यात अडकतं. खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसलंय, रोज सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावं लागतं. म्हणून शंभर ग्रॅम शिकेकाई-नागरमोथ्याची पूड आणि दिवाळीतलं उरलेलं उटणं पाठव. इथे डांबराचा वास असलेला शांपू मिळतो, पाइनच्या झाडाच्या डांबराचा. लोक आवडीनं वापरतात. मी एकदा लावला आणि दिवसभर आपल्या अक्कलकोट रोडवर डांबरीकरण चाललंय असं वाटत राहिलं.

टिकल्या पाठवू नकोस, कुंकवाची डबी पाठव. कारण सांगते. आमच्या इमारतीत सगळ्यांत मिळून एक सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली, आहे, आमची पाळी शनिवारी सातला. ऐंशी डिग्रीच्या वाफेत टिकलीचा गोंद वितळतो. परवा माझी टिकली लाकडी बाकाला चिकटली होती, पुढच्या पाळीवाल्यांनी ती जळमट समजून खरवडली. सौनात बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाण्यात भिजवून अंगावर मारून घेतात. तुला वाचून हसू येईल, पण नरकचतुर्दशीला तू मला उटणं लावायचीस त्यापेक्षा हे बरंच मवाळ आहे. (कपड्यांचं काय, हे आजीसमोर वाचू नकोस.)

इथली घरं मला पहिल्यांदा दवाखान्यासारखी वाटली. पांढऱ्या भिंती, एक दिवा, खिडकीत मेणबत्ती, संपलं. दारावर तोरण नाही, उंबऱ्याला रांगोळी नाही. पण जमिनीवर चिंध्यांचे पट्टे असतात. जुने शर्ट, चादरी फाडून पट्ट्या करायच्या आणि हातमागावर आडव्या घालून विणायच्या. वाकळच की, फक्त शिवलेली नाही, विणलेली. उन्हाळ्यात ते पट्टे सरळ तळ्याकाठी नेऊन ब्रशने घासतात, त्यासाठी नगरपालिकेने खास जागा केल्यात. आपल्याकडे सिद्धेश्वराच्या तळ्यावर असं कुणी केलं तर पेपरात येईल.

आणि हे गाव गिरणीचंच आहे, आई. मधून धबधब्यासारखी नदी, तिच्या काठाला लाल विटांची कापूसगिरणी, 1820 मध्ये एका स्कॉटिश माणसाने सुरू केलेली. तिच्या मागशाळेत 1882 साली विजेचे दिवे लागले, सगळ्या उत्तर युरोपात अगदी सुरुवातीचे. आता तिथे सिनेमागृह आहे. चिमणी उभी आहे, धूर नाही. मी रोज तिच्याखालून जाते.

शेजारच्या आजींची आई त्याच गिरणीत होती. सव्वीस डिसेंबरला मी त्यांना चहाला बोलावलं. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. सोफ्यावर आपली चादर अंथरलेली होती, तिचं टोक त्यांनी उलटं केलं. वर लाल जमिनीवर पांढरा मोर, खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. पुन्हा सुलटं, पुन्हा उलटं. मग विचारलं, हिची खरी बाजू कुठली? मी म्हटलं, दोन्ही. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला फिनिश त्याहून कमी, पण जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, हा शब्द दोघींनाही माहीत होता. मग मी हातवारे करून सांगितलं, की आमच्या सोलापुरात पूर्व भागात लहानपणी मागांच्या खटखटीवरच झोप लागायची, शेजारच्या पद्मशाली मावशींकडून आम्ही भोकं पाडलेली जुनी पुठ्ठ्याची कार्डं आणायचो आणि त्यांतून सूर्य बघायचो. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, हे मावशींनी तेलुगू-मराठी मिसळून सांगितलेलं. आजींनी चादरीवर बोट ठेवलं आणि एकेक मोर मोजला. चहा गार झाला.

तुला आठवतं, गेल्या वर्षी तू स्टेशनजवळून घेतलेली ती मऊ मऊ गुलाबी चादर? ‘सोलापुरी’ म्हणून गळ्यात मारलेली. दुसऱ्या धुण्यात तिचे गोळे झाले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी नाव कुणीही छापतो. तेव्हा या वेळी घेताना उलटून बघ, काठाला विणलेलं नाव आहे का बघ, आणि हातात धरून जड लागते का बघ.

म्हणजे मी वर लिहिलेलं खोडते. चादर हवी, एक, लाल-पांढरी, मोराची. शेजारच्या आजींना. त्यासाठी चटणी अर्धा किलो कर, उटणं काढ, पण भाकरी कमी करू नकोस. भाकरीचा डबा आणि ब्लाउज चादरीतच गुंडाळ, वेगळं पॅकिंग लागणार नाही आणि डबाही हलणार नाही.

गड्ड्याच्या जत्रेला दादा यंदाही नंदीध्वज धरणार ना? त्याचा बाराबंदीतला फोटो काढ, पण वरून खालपर्यंत पूर्ण येऊ दे, मागच्या वेळी तू डोकं कापलं होतंस. अप्पांना नमस्कार, आजीला नमस्कार, वैनीला म्हणावं इरकलावर डोळा ठेवू नकोस, परत आणणार आहे.

सगळं एकत्र करून वजनकाट्यावर ठेव आणि काट्याचा फोटो पाठव. अंगठा नको.

तुझी
धाकटी