शनिवारचा नळाचा आवाज

चि. राजा, अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री साडेअकराला तू बाथरूमचं दार लावून दात घासत होतास. एरवी सकाळी दात घासायलाही आईला तीन हाका माराव्या लागतात. पडल्या पडल्या नळाचा आवाज ऐकला आणि समजायचं ते समजलो. रविवारी जेवताना मग मी दारूवर जे काही बोललो, ते प्रवचन होतं. तू ताटात बघत राहिलास आणि मी माझंच ऐकत राहिलो. म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगतो. मी १९ वर्षांचा असताना हॉस्टेलवर एका मित्राला जास्त झाली. हाक मारली तर नुसता हुंकार. आम्ही चौघांनी त्याला उचलून कॉटवर टाकलं आणि "झोपला की उतरेल" म्हणत दिवा मालवला. पहाटे बघतो तर उशी ओकारीने भरलेली. झोपेत तो कुशीवर वळला होता, एवढ्यावर वाचला. उताणा राहिला असता तर तीच ओकारी श्वासनलिकेत गेली असती. हे मला कळायला पुढे कित्येक वर्षं लागली.

झोपेने दारू उतरत नाही रे. यकृत तासाला साधारण एक लहान पेग एवढीच निपटतं. कॉफी, लिंबू, गार पाणी, कशानेही ते घाई करत नाही. उलट शेवटच्या घोटानंतरही रक्तातलं प्रमाण काही वेळ चढतच असतं. म्हणजे दिवा मालवल्यावर माणूस आणखी बिघडू शकतो. असा कोणी दिसला तर त्याला कुशीवर वळव, जवळ बसून राहा. हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर लगेच अँब्युलन्स. घरी कळेल म्हणून थांबायचं नाही. आम्ही त्याच भीतीने थांबलो होतो.

नशेच्या गोळ्या-पावडरींचा मला अनुभव नाही. पण हातात आलेल्या गोळीत काय आहे, हे बऱ्याचदा देणाऱ्यालाही माहीत नसतं. फेंटानिल म्हणजे अफूच्या जातीचं अतितीव्र वेदनाशामक; त्याचे २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या मोजक्या कणांएवढं, जीव घ्यायला पुरू शकतं. आणि दारूवर झोपेची गोळी घेतली तर दोन्ही मिळून श्वासच मंद करतात.

"मग तुम्ही कसे घेता?" हे तू विचारणारच. कपाटातली बाटली तुला ठाऊक आहे. दारूचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. मेंदूचा लगाम धरणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून तुझं नुकसान जास्त, हे खरं. पण त्याने माझं बरोबर ठरतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

गाडी चालवणाऱ्याने घेतली असेल तर त्या गाडीत बसू नकोस. कितीही वाजले तरी मला फोन कर. मी "कुठे आहेस?" एवढंच विचारेन. बाकीचं दुसऱ्या दिवशी, आणि जेवताना नाही.

शनिवारपासून फोन उशाशी असतो. सायलेंट काढलाय.

तुझा,
बाबा