पोहे की पीठ

पुणे, मंगळवार सकाळ

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगत होतास आणि मी नुसतं ‘बरं, बघतो’ म्हणून ठेवून दिला. वाडीत रेंज नाही, दर तिसरा शब्द गिळला जातो. शिवाय सांगायचंय त्यातलं थोडं बोलून जमलंही नसतं. मोतीबिंदूची पट्टी सुटली. डॉक्टरांनी फार वाचू नका म्हटलंय, लिहू नका म्हटलेलं नाही.

आपलं लाकूड कापायचं चेनसॉ मशीन वीस मिनिटांत तापतं, दम टाकतं आणि गार होईस्तोवर कितीही दोरी ओढली तरी उठत नाही, एवढं कळलं. तू स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी खाली बघ. पोहे पडतायत की पीठ? धार असली की चपटे, पोह्यांसारखे तुकडे उडतात. पिठी पडायला लागली, कापातून धूर आला, की चेन बोथट. इंजिनाचा काही गुन्हा नाही.

तू आधी पडलेला माड तोडलास ना? माडाच्या खोडात वाळूसारखी सिलिका असते, दोन-चार ओंडक्यांत धार उतरते. त्याच चेनने तू फणसाला लागलास. चेन आपणहून आत शिरत नाही म्हणून माणूस वरून दाबतो, रेस सोडत नाही, आणि सगळी ताकद घासण्यात जाते. मग तापेल नाही तर काय होईल? आपल्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. हातमोजे घाल, पुढे ढकलतानाच घास, मागे आणताना उचल, आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात दे. एका बाजूला जास्त झाले की काप वाकडा जातो आणि चेन फिरते ती पट्टी, म्हणजे बार, अडकतो.

धार लावूनही बार तापला तर चेनचं तेल बघ. बारचं टोक पांढऱ्या लाकडासमोर वीतभर धरून दहा-पंधरा सेकंद रेस दे. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून खाच साफ कर आणि बारच्या बुडाशी असलेलं बारीक भोक तारेने मोकळं कर. फणसाचा चीक आणि भुसा कालवला की त्याचा चिकट लगदा होतो, तो तिथेच बसतो. रॉकेलने सुटतो.

आता इंजिन. दोरीच्या कव्हरमागे फ्लायव्हीलचा पंखा आहे. तो जाळीतून हवा ओढतो आणि सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांवर, मारतो. गार राहायची तेवढी एकच सोय आहे त्याला. मी मागे कव्हर उघडलं तेव्हा फिन्सच्या मधे भुशाची वडी थापलेली होती, सुरीने कापून काढावी अशी. प्लास्टिकच्या काडीने खरवड, ब्रश मार, एअर फिल्टर झाड. सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरली असेल तर तीही काढ. हे सगळं मशीन गार असताना.

कार्बोरेटरच्या स्क्रूला मात्र हात लावू नकोस. का, ते सांगतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतरचे आठ दिवस तुला आठवत असतील. रस्त्यावर आडवा झालेला फणस मी कापत होतो. मशीन तापून बंद पडत होतं. मी कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू, पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, पाव फेरा आत फिरवला. काय आवाज सुटला, नव्यासारखा! लोक बघत होते, मीही खुशीत. स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं, आणि असल्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचं तेल पेट्रोलातूनच मिळतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. पाऊण तासात पिस्टन सिलिंडरात धरला, जाम झाला. तुला मी सांगितलं, दुकानदाराने तेल खराब दिलं. तो बिचारा अजून रस्त्यात भेटला की चहा पाजतो.

आणखी एक. तापतंय म्हणून पेट्रोलात टू-टी, म्हणजे ते वंगणाचं तेल, जास्त घालू नकोस. आपल्या मशीनच्या पुस्तकात 1:25 आहे, म्हणजे लिटरला 40 मिली. तेल वाढलं की मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी होतं, आणि काजळी वाढते ती वेगळीच. पडवीतल्या कॅनमधलं पावसाळ्यातलं मिश्रण वापरू नको. हल्लीच्या पेट्रोलातलं इथेनॉल पाणी ओढतं.

एवढं करूनही तापलं तर स्पार्क प्लग काढून बघ. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मशीन कोरडं चाललंय, कुठेतरी हवा ओढतंय किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय. मग ते दापोलीला घेऊन जा, घरी खटपट नको. पूर्ण रेसवरून एकदम बंद करायची सवयही सोड, मिनिटभर मंद चालू दे. आणि सायलेन्सर लाल असताना टाकी उघडू नको, खाली सुका पाला असतो.

कानस माजघरात खुंटीवरच्या पिशवीत आहे, तुझ्या आईच्या नारळ सोलायच्या कोयत्यामागे. तो कोयता हलवलास तर होता तिथेच ठेव.

बाबा