जुनी एअर रायफल घेताना आधी सिलिंडरवरची तारीख वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. ती रायफल .२२ बोअरची, परवान्याची. नेमबाजी शिकणाऱ्या मुलाची सुरुवात मात्र १० मीटर एअर रायफलनेच होते, आणि वर्गाची रायफल वाटून वापरायचा कंटाळा आला की घरात स्वतःच्या रायफलचा विषय निघतो. परदेशी बनावटीची नवी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, दोन लाखांच्या वर जाते. म्हणून मग वापरलेली रायफल शोधतात, नाहीतर देशी बनावटीची स्वस्त पीसीपी. पाहणी होते ती कंपनीच्या नावाची, बटाच्या लाकडाची आणि "फार वापरलेली नाही" या शब्दाची. बॅरलखालची नळी, म्हणजे हवेचा सिलिंडर, कोणी उलटून पाहत नाही. हे पत्र मुख्यतः त्या नळीबद्दल आहे.

पीसीपी म्हणजे प्रीचार्ज्ड न्यूमॅटिक, आधीच हवा भरून ठेवलेली रायफल. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर दाबल्यावर पिस्टन धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा नळीत असतानाच बंदूक हलते. पीसीपीत २०० बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये तयार असते. रेग्युलेटर ती साधारण ६० ते ८० बारवर आणून एका छोट्या कप्प्यात सोडतो, हातोडी व्हॉल्व्हवर बसते आणि प्रत्येक गोळीला तेवढाच धक्का मिळतो. दहाची रिंग अवघी अर्धा मिलिमीटर असलेल्या लक्ष्यावर हा सारखेपणाच कामाला येतो. पण २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ शंभर पट, आणि तो दाब मुलाच्या गालापासून हातभर अंतरावर असतो.

मॅच रायफलच्या सिलिंडरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. तिथून दहा वर्षं हे त्याचं आयुष्य. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमातही कमाल दहा वर्षंच आहेत, आणि सिलिंडर मुदतीत आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकलेली आहे. मुदत वापरावर मोजत नाहीत, बनवल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे कपाटात पडून राहिलेली २०१६ ची रायफल आज कितीही कोरी दिसली तरी तिचा मूळ सिलिंडर संपल्यात जमा आहे. प्रत्येक भरण्याला नळी किंचित ताणली जाते आणि सोडताना आक्रसते. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत हा थकवा साठत जातो, भरून येत नाही. बाहेरून काही दिसत नाही हीच त्यातली अडचण.

कायदा इथे आपल्या मदतीला येईल अशी अपेक्षा ठेवू नये. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये सिलिंडरची व्याख्याच ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त आकारमानाची आहे, आणि रायफलचा सिलिंडर त्याहून बराच लहान असतो. म्हणजे ज्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे त्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मोठ्या सिलिंडरवर असते तशी नजर या नळीवर नाही. तपासणारा एकटा गिऱ्हाईक.

म्हणून सौदा करताना क्रम उलटा ठेवावा. आधी तारीख वाचा. ती खरवडलेली, रंगाखाली दडलेली किंवा नीट लागत नसेल तर सिलिंडर शून्य किमतीचा धरा. नळीवर नंतर मारलेला रंग, पोचा, खोल ओरखडा, भरण्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी (आत पाणी गेल्याची खूण) यांपैकी काहीही दिसलं तरी तेच. मग त्या मॉडेलचा नवा सिलिंडर आज मिळतो का, केवढ्याला मिळतो, हे विक्रेत्याला नव्हे, सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानदाराला विचारा आणि ती रक्कम सांगितलेल्या किमतीतून वजा करा. बऱ्याच "स्वस्त" रायफली या वजाबाकीनंतर स्वस्त राहत नाहीत. भरण्याचा अ‍ॅडॉप्टर आणि मागची डायॉप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची) सोबत आहे ना, हेही तेव्हाच पाहावं. अ‍ॅडॉप्टर कंपनीगणिक बदलतो आणि चांगली साइट वेगळी घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होतो.

तारीख ठीक असेल तर रायफल एक रात्र मागून घ्या. संध्याकाळी २०० बारपर्यंत भरा, अर्ध्या तासाने गेज वाचा आणि पुन्हा सकाळी वाचा. अर्धा तास थांबायचं कारण असं की भरताना हवा तापते. गरम असताना २०० दाखवणारा काटा थंड झाल्यावर १८५ वर येतो आणि लोक त्याला गळती समजतात. सकाळी काटा खरोखरच खाली असेल तर सिलिंडर काढून वेगळा ठेवून पुन्हा एक रात्र पाहा. सुटा सिलिंडर दाब धरत असेल तर गळती रायफलीत आहे, नसेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. साबणाच्या पाण्याचा फेस सांध्यांवर लावला की बुडबुडा जागा दाखवतो. हा सिलिंडर काढण्याचा प्रकार फक्त स्वतःचा व्हॉल्व्ह असलेल्या, आट्यांच्या सिलिंडरला लागू आहे. स्वस्त पीसीपीत बऱ्याचदा हवेची नळी रायफलीतच पक्की बसवलेली असते. तिचा एकही स्क्रू दाब असताना सैल करू नये.

नंतर क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वीस गोळ्या. वर्गात तो नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा, कारण रेग्युलेटरची तब्येत त्याशिवाय कळत नाही. ०.५३ ग्रॅमच्या चपट्या डोक्याच्या छर्‍याला मॅच रायफलीत सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेग अपेक्षित असतो. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत दोन-तीन मीटरचा फरक चालेल, सहा-सातचा नाही. मग पंधरा मिनिटं रायफल तशीच ठेवून एक गोळी मारा. ही पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा ठळक वेगवान निघाली तर रेग्युलेटर बंद असतानाही हळूहळू हवा पुढे सोडतोय, कप्प्यातला दाब चढतोय. बहुतेक वेळा रेग्युलेटरची झडप टेकते त्या बैठकीवर कचऱ्याचा कण असतो किंवा बैठक झिजलेली असते. काम जाणकाराचं आहे. वेगाचा स्क्रू फिरवून ते झाकता येतं, आणि विकणारे झाकतात.

वेगाचा आकडा आणखी एका कारणासाठी लागतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा, या दोन्ही मर्यादांत बसणाऱ्या एअर रायफलला परवाना लागत नाही. हिशेब सोपा: छर्‍याचं वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मॅच रायफल आठ जूलच्या आसपास येते, कसलीच काळजी नाही. पण त्याच ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला सेकंदाला २७५ मीटर वेग दिला की वीस जूल ओलांडले. "पॉवरफुल" म्हणून खपवल्या जाणाऱ्या, स्प्रिंग बदललेल्या किंवा रेग्युलेटर चढवलेल्या पीसीपी इथे अडकतात. ५.५ मिलिमीटर बोअरची तर गोष्टच नको, ऊर्जा कितीही असो, ती परवान्यात जाते. मुलाला स्पर्धेत उतरवायचं तर तिचा उपयोगही शून्य. रानातल्या पाखरांवर एअर गन रोखणाऱ्यांसाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच.

आता हवेचा खर्च. रायफल घेताना तो कोणी धरत नाही आणि नंतर तोच सतावतो. समजा सिलिंडर ०.२ लिटरचा आहे आणि १५० बारवरून २०० बारवर न्यायचा आहे, तर बाहेरची दहा लिटर हवा आत जायला हवी. पाणबुड्यांचा १२ लिटरचा सिलिंडर २३२ बारपर्यंत भरून आणला तर तो २०० वर येईपर्यंत ३८४ लिटर देतो, म्हणजे अशी अडतीसेक भरणं. त्याखाली गेल्यावरही हवा असते, फक्त रायफल पूर्ण भरत नाही. एका घरासाठी हा सिलिंडर जड जातो, वर्गासाठी मात्र हाच सगळ्यांत किफायतशीर. तो ५०० मिलिलिटरच्या वरचा असल्याने त्याला पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, दर पाच वर्षांनी. चाचणीचा शिक्का न पाहताच जो भरून देतो त्याच्याकडे जाऊ नये. ३०० बारच्या सिलिंडरवरून २०० बारची रायफल भरताना तर झडप केसभर उघडावी, हात तिच्यावरच ठेवावा आणि नजर गेजवर.

तीन टप्प्यांचा हातपंप स्वस्त पडतो, पण १५० बारच्या पुढे मोठ्या माणसाला अंगाचं वजन टाकावं लागतं. बारा वर्षांच्या मुलाचं ते काम नाही, म्हणजे पंप आई-वडील मारणार हे आधीच मान्य करून घ्यावं. पन्नास-साठ झटक्यांनंतर पाच-दहा मिनिटं थांबून पंप थंड होऊ द्यायचा आणि निचऱ्याचा स्क्रू सोडून पाणी काढून टाकायचं. पाणी कुठून येतं असं वाटेल. पावसाळ्यात तीस अंशांच्या भरलेल्या हवेत एका घनमीटरला तीस ग्रॅम बाष्प असतं. त्या दहा लिटरमध्ये ०.३ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा थेंब. एवढ्या दाबाखाली ते बाष्प राहूच शकत नाही. काही पंपात जमतं, उरलेलं सिलिंडरमध्ये. आठवड्यातून तीनदा भरणाऱ्या रत्नागिरीकराने जून ते सप्टेंबर किती पाणी आत पाठवलं याचा गुणाकार त्यानेच करावा. पंपाच्या तोंडाला सिलिका जेलची नळी लावावी, रंग बदलला की दाणे बदलावेत, आणि शक्य तर पावसाळ्यात कोरडी हवा देणाऱ्या मोठ्या सिलिंडरवरूनच भरावं. बारा व्होल्टच्या छोट्या कॉम्प्रेसरलाही हाच नियम, शिवाय तो फार तापू द्यायचा नाही.

सिलिंडरमध्ये फक्त हवा. दवाखान्यातला किंवा वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन "दाब तर तोच आहे" म्हणून कधीही भरू नये. आत तेलाचा अंश असला की तो पेट घेतो. याच कारणाने पंपात, व्हॉल्व्हमध्ये, ओ-रिंगवर (सांध्यातल्या रबरी कडीवर) शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, खोबरेल असलं काही चालत नाही. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम ओशट लागेल इतकं. ओ-रिंग नळाच्या दुकानातून मापाला माप लावून आणतात आणि महिन्यात ती फाटते: तिथली बहुधा ७० कडकपणाची असते, इतक्या दाबाला अनेक जागी ९० लागते. कंपनीचा संच घ्यावा.

उन्हाळ्यात भरलेली रायफल बंद गाडीत ठेवणं हा विदर्भ-मराठवाड्यातला नेहमीचा प्रकार. पंचवीस अंशांना भरलेले २०० बार साठ अंशांना २२३ होतात. स्पर्धेला जाताना दीडशेवर न्या, तिथे वर भरा. विमानाने जायचं तर कंपनीचा नियम आधी विचारा. रिकामा करावा लागला तर हळूहळू करा, झटक्यात हवा सोडली की व्हॉल्व्ह बर्फासारखा गार पडून सील कडक होतात. एरवी सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवू नये, थोडा दाब असला की सील जागेवर बसून राहतात. आणि सरावात काटा १०० च्या खाली जाऊ देऊ नये. रेग्युलेटरच्या दाबाखाली गेलं की गोळ्या खाली पडू लागतात, आणि मूल उगाच साइट सरकवायचे टिचके मोजत बसतं.

बॅरलचं काम सोपं आहे. एक डबा, म्हणजे ५०० छर्रे झाले की दोन-तीन नमद्याच्या गोळ्या मागच्या बाजूने घालून मारायच्या. पितळी ब्रश नको. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मापाचे छर्रे थोडे थोडे घेऊन रायफल टेकवून दहा-दहा मारावेत. बाहेरून बाहेर सहा-सात मिलिमीटरचं एकच भोक पडलं तो डबा आपला. छर्रे शिशाचे असतात, सराव संपला की हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, हे मुलांना दर वेळी सांगावं लागतं.

जिल्हा संघटनांना एकच विनंती. स्पर्धेच्या साहित्य तपासणीत ट्रिगर आणि जॅकेट पाहता, तसा सिलिंडरचा महिना-वर्षही प्रवेश अर्जात लिहून घ्या आणि मुदत संपलेल्याला फायरिंग पॉइंटवर येऊ देऊ नका. मुदत संपलेला सिलिंडर पालकांनी विकूही नये. पूर्ण रिकामा करून, व्हॉल्व्ह काढून घेऊन, त्याला आरपार भोक पाडून मगच भंगारात द्यावा. भंगारवाला तो गॅसकटरखाली धरतो, आणि आत दाब उरला आहे की नाही हे त्याला बाहेरून कळत नाही.

आपला,
एअर रायफल प्रशिक्षण व दुरुस्तीत काम करणारा एक वाचक, कोल्हापूर