‘दरोड्याच्या तयारीत’ पकडलेली मुले

महोदय,

‘दरोड्याच्या तयारीतील पारधी टोळी जेरबंद, दोन अल्पवयीनांचा समावेश’ अशा मथळ्याची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी जिल्हा पानावर असते. कोयता, दोर आणि मिरचीपूड हा मुद्देमाल ठरलेला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाच्या खोपीत या तिन्ही वस्तू मिळतील, पण ते असो.

मी परिविक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाच्या घरी जायचे, माहिती काढायची आणि बाल न्याय मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे माझे काम. अहिल्यानगर-बीडच्या सीमेवरच्या बऱ्याच पारधी पालांवर त्यासाठी जाणे झाले.

त्यातल्या एका मुलाबद्दल सांगते. पोलिसांना हवा होता मोठा भाऊ. तो सापडला नाही, म्हणून पहाटे पालावरून धाकट्याला उचलले. कागदावर वय लिहिले १९. आईला विचारले तर ‘मोठ्या दुष्काळानंतरच्या पावसात झाला’ एवढेच सांगता येई. शेवटी आश्रमशाळेचे रजिस्टर काढले. गुरुजींनी अख्ख्या वर्गालाच १ जूनला जन्माला घातले होते, तरी वर्ष होते आणि त्यावरून पोराला सोळावे लागलेले. वय ठरवताना शाळेचा दाखला आधी पाहा, असे बाल न्याय कायद्याचे कलम ९४ सांगते. हे सिद्ध होईपर्यंत त्याच्या रात्री मोठ्यांच्या कोठडीत गेल्या होत्या.

मग जामीन. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीनदाराशिवायही सोडता येते. प्रत्यक्षात जामीनदाराचा सातबारा मागितला गेला. ज्यांच्या नावावर पाल ठोकायला जागा नाही, ते सातबारा कुणाचा आणणार? बापाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन एक जामीनदार उभा केला. ती उचल फेडायला सगळे घर कारखान्यावर गेले, पोरगाही गेला. ऊसतोडीचा हंगाम आणि मंडळाच्या तारखा एकाच वेळी. दोन तारखा चुकल्या. कागदावर त्याचा अर्थ एकच होतो, ‘हजर राहत नाही’.

अहवालाच्या नमुन्यात कुटुंबातल्या इतरांच्या गुन्ह्यांचा तक्ता आहे. बाप, चुलता, आजोबा यांच्यावरच्या केसेस मीच त्यात भरल्या. निम्म्याहून अधिक ‘दरोड्याची तयारी’, बहुतेक निर्दोष सुटलेल्या. निर्दोष लिहायला त्या तक्त्यात जागा पुरत नसे, मी समासात लिहायची.

पुढे तो एका ढाब्यावर कामाला लागला. तालुक्यात घरफोडी झाली की पोलीस ढाब्यावर येऊन त्याची चौकशी करत. मालकाने हात जोडले. दुसऱ्यांदा तो माझ्यासमोर आला तेव्हा मोटारसायकल त्याने खरोखर चोरली होती. पालावरची सगळी पोरे निष्पाप असतात असे मी म्हणतच नाही. पण पहिल्यांदा आत जायला त्याने काहीच केलेले नव्हते.

पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण १९५९मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आलाच. पारध्यांची किती मुले उचलली जातात, हे सरकारी आकड्यांवरून कळत नाही. तुरुंगांच्या आकडेवारीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने आहेत, विमुक्तांचा, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा, रकाना नाही. अमेरिकेत बाल न्यायासाठी केंद्राचा निधी घेणाऱ्या राज्यांना वंशनिहाय आकडे गोळा करावे लागतात. काळ्या मुलांच्या अटका प्रमाणाबाहेर आहेत, यावर तिथे निदान आकडे समोर ठेवून भांडता येते.

मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात हिस्ट्रीशीटमधल्या, म्हणजे पोलिसांनी संशयितांवर ठेवलेल्या नोंदपत्रकातल्या, अल्पवयीन नातेवाइकांच्या नोंदींची दखल घेतली आणि इतर राज्यांनाही आपापली पद्धत तपासायला सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४च्या निकालात तर विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या हिस्ट्रीशीट त्यानंतर कुणी उघडून पाहिल्या का, हे आपल्या वार्ताहराने पोलीस अधीक्षकांना जरूर विचारावे. प्रकरण निकाली निघाल्यावर मुलाची नोंद चारित्र्य पडताळणीसाठी किंवा अन्यथा उघड करू नये, असे बाल न्याय कायद्याचे कलम ७४ म्हणते. मग ती ढाब्याच्या गल्ल्यावर कशी पोहोचते, हेही विचारावे.

त्याच कलमात आपल्यासाठीही काही आहे. मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायला त्यात मनाई आहे. गाव, वय आणि ‘पारधी’ एवढे छापले की तालुक्यात तो मुलगा कोण हे सांगायला नाव लागत नाही. दुसऱ्या कुठल्या जातीच्या चोरांची जात आपण मथळ्यात घालत नाही. पारध्यांचीही घालू नये, ही विनंती.

– एक निवृत्त परिविक्षा अधिकारी, अहिल्यानगर
(नाव व पत्ता संपादकांकडे)