नाताळची जुन्या धाटणीची कार्डे : कडा जाळू नका

संपादक महोदय,

डिसेंबर लागला की रविवारच्या पुरवण्यांत ‘जुन्या धाटणीचे नाताळ कार्ड घरीच करा’ अशा कृती येऊ लागतात. त्यांत दोन सूचना हमखास असतात : तयार कार्डावर चहाचा बोळा फिरवा आणि कडा मेणबत्तीवर जाळा. दोन्हींनी कार्ड वाया जाते, म्हणून हे पत्र.

जुनी कार्डे जळकी, डागाळलेली नव्हती. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेतले आणि विक्रीसाठीचे पहिले नाताळ कार्ड छापले. ते शिळाछापाचे, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्रावरून छापलेले होते, रंग हाताने भरलेले, किंमत एक शिलिंग. घडीचे तर नव्हतेच. एकच सपाट जाड तुकडा होता. पुढे दगडावरून एकेक रंग वेगळा छापायची पद्धत रुळली. मग छापून कापलेली फुले-पाखरे, कागदी जाळी, रेशमी झालर, चमकीचा चुरा असे थर कार्डांवर चढू लागले. आपल्याकडे रविवर्मा प्रेसमधली देवादिकांची चित्रे अशाच शिळाछापाने निघत, आणि त्यांवर हौसेने जर, टिकल्या, कापड चिकटवले जाई. असे एखादे चित्र घरात असेल तर भिंगाखाली धरून पाहावे. गालावरची लाली सलग नसते, ती बारीक ठिपक्यांनी भरलेली असते. पांढरी जागाही शुभ्र नसून सायीच्या रंगाची दिसते. जुनेपण डोळ्याला जाणवते ते यामुळे, आणि कार्डात तेच आणायचे असते.

सुरुवात कागदापासून. कार्डाचा पाया २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन), मोतिया किंवा सायीच्या रंगाचा घ्यावा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मिळाला तर उत्तमच. ए-४ कागद मधोमध कापून घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचे कार्ड होते आणि ते सी-६ पाकिटात नीट बसते. घडीआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तिथल्या वाकाच्या रेघेला समांतर त्याचे तंतू धावतात. घडी त्यांना समांतर हवी. आडवी घातली तर कणा फाटल्यासारखा होतो आणि आतले पांढरे तंतू बाहेर येतात. पट्टी धरून रिकाम्या रिफिलच्या टोकाने आधी खाच पाडावी, मगच घडी.

आता चहा. तो वापरायला हरकत नाही, पण पायावर नको आणि शेवटी तर नकोच. जाड कागद एका बाजूने भिजला की ती बाजू आधी फुगते, वाळताना आकसते आणि कार्ड पापडासारखे वळते. शिवाय इंकजेटवर छापलेले चित्र असेल तर शाई पसरते. म्हणून चित्र झेरॉक्सच्या दुकानातून लेझरवर, थोडे फिके करून, ९० ते १०० जीएसएमच्या मोतिया कागदावर काढावे. लेझरची शाई पाण्याने हलत नाही. एक कप उकळत्या पाण्यात एक चमचा चहा पूड, दहा मिनिटे झाकण, मग गाळणे. दूध-साखर अर्थातच नको. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच करावा. लोखंडी कढईत चहातले टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाशी मिळते आणि तपकिरीऐवजी करडा-काळा रंग येतो. चित्राचा कागद त्यात दोन मिनिटे बुडवून सुती कापडावर सावलीत वाळवावा आणि किंचित दमट असतानाच दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावा. वर्तमानपत्रात ठेवू नये, अक्षरे उमटतात. जे कार्ड वर्षानुवर्षे जपायचे आहे त्याला चहा लावूच नये. टॅनिनने कागद आम्लधर्मी होतो आणि पुढे ठिसूळ होतो. तिथे पातळ केलेला जलरंग बरा.

लेसही याच चहात रंगते, मात्र ती सुती हवी. नायलॉनची लेस रंग घेत नाही, पांढरीफटक राहते आणि सगळा बेत बिघडवते. नवी लेस आधी धुऊन तिची खळ काढली नाही तर रंगाचे पट्टे पडतात.

सर्वांत जास्त कार्डे बिघडतात ती चिकटवताना. फेव्हिकॉलमध्ये पाणी बरेच असते. बोटाने जाड थापला की चित्राखाली सुरकुत्या आणि फुगे येतात. जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने त्याचा अगदी पातळ थर ओढावा, चित्र मध्यापासून बाहेर दाबत न्यावे, वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजन द्यावे. पुस्तकबांधणीतली एक युक्ती इथे फार उपयोगी पडते : पुढच्या पानाला बाहेरून जेवढा कागद चिकटवला, तेवढाच त्याच जाडीचा कागद आतूनही चिकटवावा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि कार्ड सरळ उभे राहते. लेस, रिबन, बटण हे सगळे मात्र पान पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी लावावे.

बर्फ दाखवायला मीठ वापरा, असेही सुचवले जाते. वसई, अलिबाग, गोव्याच्या हवेत मीठ ओलावा धरते, पाझरते आणि खाली डाग पडतो. अभ्रकाची पूड घ्यावी. जुन्या कार्डांवरच्या मंद चमकीशी तिचे जमते. प्लास्टिकची चमकी त्यामानाने भडक दिसते. सोनेरी रेघेसाठी बेगडाची चिंचोळी पट्टी लावावी, कारण स्वस्त सोनेरी पूड पितळेची असते आणि काही महिन्यांत काळवंडते.

कडा जुन्या दाखवायच्याच असतील तर २२० नंबरचा पॉलिश पेपर समोरून मागे, एकाच दिशेने दोनदा फिरवावा. उलट फिरवला तर छापील थर उचकटतो. मग तपकिरी पेन्सिलीचा भुगा कापसाने कडेला चोळावा, बस्स. जळकी कड हाताळताना झडते, पाकिटात काळा भुगा सांडतो, आणि मुलांच्या हातात कागद व मेणबत्ती एकत्र देणे आम्हाला कधीच पटणार नाही.

पोस्टाने पाठवणाऱ्यांसाठी हिशेब : ३०० जीएसएमचा ए-५ (ए-४च्या अर्धा) तुकडा साधारण सव्वानऊ ग्रॅम, पाकीट चार-पाच ग्रॅम. वरच्या थरांना पाच ग्रॅम उरतात, कारण वीस ग्रॅमच्या पुढे पोस्टाचा दर वाढतो. लेस आणि चित्रे यांत बसतात. धातूची घंटा बसत नाही, शिवाय शिक्का मारताना तिच्यामुळे पाकीट फाटते. ती लावायचीच असेल तर कार्ड हातानेच द्यावे.

पुरवणीत अशी कृती छापताना कागदाचे जीएसएम आणि वाळायला लागणारा वेळही द्यावा, ही विनंती. दोन रात्री वजनाखाली गेल्याशिवाय हे कार्ड होत नाही, हे वाचकांना २३ डिसेंबरला कळून उपयोग नाही.

– कागदकाम शिकवणारे काही शिक्षक, वसई