मदतीमागचा लाल पेन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत एनिआग्राम या व्यक्तिमत्त्व-वर्गीकरणाविषयी आलेला लेख वाचला. नऊ प्रकारांची ओळख त्यात सुटसुटीत करून दिली आहे. मात्र प्रत्येक प्रकार वेगळ्या कप्प्यात ठेवल्यामुळे माणूस एकतर काटेकोर असतो, नाहीतर परोपकारी, असा वाचकाचा समज होऊ शकतो. या पद्धतीत मूळ क्रमांकावर शेजारच्या क्रमांकाची जी छटा पडते तिला 'पंख' म्हणतात. पहिल्या, म्हणजे परिपूर्णतावादी प्रकाराला दुसऱ्या, म्हणजे मदतनीस प्रकाराचा पंख असला की काय होते, याविषयी त्याच घडणीची एक निवृत्त शिक्षिका म्हणून चार ओळी लिहीत आहे.

या पद्धतीचे एक प्रवर्तक ऑस्कर इचाझो यांनी १९७०च्या सुमारास चिलीतील आरिका येथे जे शिकवले आणि मनोविकारतज्ज्ञ क्लाउदिओ नारान्हो यांनी पुढे जे विस्तारले, त्यात पहिल्या प्रकाराच्या मुळाशी राग आणि दुसऱ्याच्या मुळाशी अहंकार मानला आहे. हा अहंकार मोठेपणा मिरवण्याचा नव्हे. 'सर्वांना माझी गरज आहे, मला मात्र कोणाची नाही' असा तो असतो. हे दोन्ही एकाच माणसात आले की मोठी कोंडी होते, कारण चांगल्या माणसाने रागावायचे नसते आणि मदत करणाऱ्याने मदत मागायची नसते. मग राग बाहेर पडतो तो 'राहू दे, मीच करून टाकते' या पाच शब्दांतून.

मी ते वर्षानुवर्षे केले. परीक्षा संपल्या की सहकाऱ्यांची निकालपत्रके मी आपणहून घरी आणत असे, रात्री जागून बेरजा पुन्हा करत असे, आणि एखाद्या तुकडीची सरासरी चुकलेली सापडली की मनात कुठेतरी बरे वाटत असे. नव्याने लागलेल्या एका शिक्षिकेचे टाचण मी असेच 'जरा नीट' करून दिले, तेव्हा तिने अत्यंत नम्रपणे विचारले, "बाई, तुम्ही मदत करता की तपासता?" त्या दिवशी मला तो उद्धटपणा वाटला. आज वाटते, माझे इतके अचूक निदान दुसऱ्या कोणी केले नाही.

दुसऱ्या क्रमांकाला पहिल्याचा पंख असलेला माणूस वरवर असाच दिसतो, पण त्याचे दुखणे निराळे असते. त्याची मदत नाकारली तर 'मी नकोसा झालो' असे त्याला वाटते. माझ्यासारखीची नाकारली तर 'आता हे काम चुकणार' ही धास्ती आधी येते आणि अपमान मागाहून. अर्थात या स्वभावाचे समाजावर उपकारही आहेत. अन्यायाविरुद्ध अर्ज लिहून न थांबता ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासोबत कचेरीत खेटे घालणारी माणसे बहुधा याच घडणीची असतात, आणि रिसो व हडसन या अभ्यासकांनी या मिश्रणाला 'कैवारी' अशा अर्थाचे नाव दिले आहे, ते मला पटते.

लेखासोबतच्या प्रश्नावलीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. एनिआग्रामला शास्त्रीय आधार तोकडा आहे, हे तेथे एका ओळीत सांगायला हवे होते. नोकरभरतीसाठी कोणी त्याचा वापर करू नये, इतपत तरी. शिवाय त्यातले प्रश्न वर्तनाविषयी आहेत, हेतूविषयी नाहीत. 'इतरांना मदत करायला आवडते का?' यावर मी प्रामाणिकपणे 'हो' लिहिले आणि माझा क्रमांक दोन निघाला. घरात सगळे हसले. पुढच्या वेळी प्रश्नावली छापताना 'कोणी तुमच्या मदतीला आले, तर त्याचे काम तुम्ही नंतर पुन्हा करता का?' हा प्रश्न कृपया त्यात घालावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा

(ता. क. लेखात 'परिपूर्णता' हा शब्द दोन ठिकाणी ऱ्हस्व 'पु' घालून छापला आहे.)