आवाजाचा वेग 20 वर आणलास म्हणून

प्रिय बाळ,

हे पत्र मी स्वतः टाईप केलं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. तीन दुपारी गेल्या. फोनवरही आभार मानता आले असते, पण तुझ्यामुळे जे हाती आलं त्यानेच तुला लिहायचं ठरवलं होतं. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं, कारण तू काय केलंस ते चारचौघांना कळायला हवं.

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले नाही. रडले ते नंतर, कॉम्प्युटरच्या क्लासमधून घरी येताना रिक्षात. मी 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या क्लासने आधी पूर्ण फी घेतली. शिकवणारा मुलगा दर वेळी माझ्या हाताखालचा माउस काढून घ्यायचा, खटखट करायचा आणि म्हणायचा, "झालं बघा." काय झालं ते मला कसं कळणार? चौथ्या दिवशी म्हणाला, "आजी, कशाला हवंय तुम्हाला हे? घरातलं कुणीतरी करून देईल की."

मग दिरांच्या ओळखीने तू आलास. एसटीने, एकटा. पांढरी काठी दुमडून पिशवीत ठेवलीस, पाणी प्यायलास आणि लॅपटॉप उघडलास. पडद्यावरचं वाचून दाखवणारा जो आवाज त्यातून आला तो मला कढईत मोहरी तडतडावी तसा वाटला. तू त्या आवाजात सरळ वाचत होतास! वेग 100 पैकी 90, असं नंतर सांगितलंस. मला एक अक्षर कळलं नव्हतं, आणि मी तसं बोललेही नव्हते. माझ्या गप्प बसण्यावरूनच तू ओळखलंस. काही न बोलता तुझ्याच मशीनचा वेग तू 20 वर आणलास.

बाळ, त्या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे. ते यंत्र एकेक शब्द ओढत बोलत राहिलं आणि तू संध्याकाळच्या गाडीपर्यंत ते ऐकत बसलास. सरावलेल्या कानाला तो संथपणा किती जड जातो, हे मला आता थोडं कळतं. पण तू उसासा टाकला नाहीस. वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं सांगून टाकलं नाहीस. वर्गात अडखळणाऱ्या पोरांना मी "चल, लवकर वाच, लवकर" किती वेळा म्हटलं असेल. त्या दुपारपासून ती पोरं मला नावानिशी आठवतात.

कीबोर्ड शिकवलास तोही माझ्या वाटेने. "बाई, एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे आहेत, तर्जन्या तिथे ठेवा." इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत उजव्या तर्जनीखाली 'र' आणि डाव्या तर्जनीखाली पहिली वेलांटी. आधी उजवं दाबलं, मग डावं, आणि 'रि' झालं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'क'च्याच बटणावर शिफ्ट धरला की 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ'. अल्पप्राण-महाप्राण जन्मभर फळ्यावर लिहिले, ते असे बोटाखाली सापडले! मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले होते.

पडदा वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम, एनव्हीडीए, कुठून आला, हेही तूच सांगितलंस. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन आणि जेम्स टेह, दोघेही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. 2006 साली काम सुरू झालं. असे प्रोग्रॅम तेव्हा फार महाग असायचे, यांनी आपला फुकट ठेवला. म्हणजे त्यांच्याकडून तुझ्याकडे आणि तुझ्याकडून माझ्याकडे. एकानेही माझं तोंड पाहिलेलं नाही.

नोकरीत असताना ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराची, प्रशिक्षणं झाली. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला शिक्षकांच्या बसच्या बस जात, त्यात मीही होते. मुलाला एकट्याने जमत नाही ते जाणत्याच्या सोबतीने जमतं, असं वायगोत्स्की या मानसशास्त्रज्ञाचं नाव घेऊन सांगायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. 'सोबत' या शब्दावर मी कधी थांबले नव्हते. क्लासच्या त्या मुलाकडे यंत्र तुझ्यापेक्षा भारी होतं.

लेकीला परवा मी स्वतः लिहून मेसेज पाठवला. तिने फोन केला आणि बराच वेळ बोललीच नाही. नंतर विचारलं, "आई, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर कसं गं?" तिला म्हटलं, यंत्र नुसतं वाचतं, शुद्धलेखन माझं आहे.

काल मी वेग 35 केला. दिवाळीत ये, चिरोटे करणार आहे. लॅपटॉप आण, आणि या खेपेला आवाजाचा वेग 20 च्या वर ठेव.

तुझी,
बाई